पाचवं प्रकरण

संघमित्रा तायडे राहायला मुलुंडला, राज्यशास्त्र शिकवायला घाटकोपरच्या एका कॉलेजात. पण त्यांची खरी अकरा वर्षं गेली कांजूरमार्गच्या एका वस्तीत. प्रश्न साधा होता. नगरसेवक कुठल्याही पक्षाचा निवडून येवो, या गल्ल्यांपुढे तो नमतो कसा?

उत्तर त्यांना वस्तीतल्या शकुताईने दाखवलं. अठ्ठ्याण्णव साली पहिल्यांदा त्या वही घेऊन तिच्या दारात बसल्या, तेव्हा ती म्हणाली, "माझ्याशी एकटीशी बोलून काय कळणार तुला, मित्रा? हंडा घे आणि नळावर रांगेत उभी राहा."

संघमित्रा उभ्या राहिल्या. मत कोणाला द्यायचं, मोर्चा कधी न्यायचा, बिल्डरच्या कागदावर सही करायची की नाही, सगळं त्या सामायिक नळावर ठरत होतं. त्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नळाच्या रांगेवरचं पाचवं प्रकरण दिल्लीपासून परदेशापर्यंत अभ्यासक्रमात लागलं.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना अंधेरीच्या एका सभागृहात त्यांचा सत्कार झाला. प्रमुख पाहुणा होता मुकुल, त्यांचाच विद्यार्थी. पीएचडी अर्धवट सोडून त्याने मरोळला निवडणुकांचे सल्ले देणारी कंपनी काढली होती. भाषणात तो म्हणाला, "संशोधन कपाटात पडून राहतं, असं लोक म्हणतात. मॅडमच्या पाचव्या प्रकरणावर आम्ही एक आख्खा वॉर्ड जिंकलाय."

टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी संघमित्रांनी त्याला बाजूला घेतलं. "कसा जिंकलास?"

"नगरसेवकाला सांगून सामायिक नळ बंद करवला आणि घरात नळ दिले, मॅडम."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना कसे देणार? एका घराला द्यायचा, तीन सोडायची. बायकांनी एकत्र जमू नये, एवढंच हवं होतं."

"कुठली वस्ती?"

"तुमचीच ना. सगळी माहिती तयार होती." तो हसला. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटत नव्हतं.

आईच्या आजारपणामुळे चार वर्षांत संघमित्रा तिकडे फिरकल्या नव्हत्या. रविवारी त्या गेल्या. नळाच्या जागी स्कूटर लावल्या होत्या. शकुताईने आत बोलावलं, पाणी दिलं.

"ज्यांच्याकडे नळ आला, त्यांच्या दारात बाकीच्यांनी बादल्या घेऊन जायचं," ती सांगू लागली. "मग भांडणं. एकमेकींचं तोंड बघेनात. तेवढ्यात बिल्डरची माणसं आली. आधी तीनदा आपण सगळ्यांनी मिळून परत पाठवली होती. या खेपेला ती घरोघरी एकेकटीला भेटली, आणि सह्या झाल्या. मला नव्या घरासाठी अपात्र ठरवलंय. जुने कागद दोन हजार पाचच्या पुरात गेले ना."

संघमित्रांनी तिला सगळं सांगितलं. पुस्तक, मुकुल, काही लपवलं नाही.

"माझं नाव आहे त्यात?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. बदललंय. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"म्हणजे मी कोणाला ओळखू आले नाही. गल्ली मात्र बरोबर ओळखली."



पुढच्या महिन्यात शकुताईच्या अपिलाची सुनावणी होती. संघमित्रा पुस्तक घेऊन तिच्याबरोबर पुनर्वसन कार्यालयात गेल्या. पात्रतेसाठी ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधीपासून ही बाई इथे राहते, याची मी साक्षीदार आहे, असं त्यांनी सांगितलं.

अधिकारी सभ्य होता. त्याने पुस्तक चाळलं. "यांचं नाव कुठेय?"

"माहितीदार क्रमांक सात म्हणजे याच."

"हे कशावरून? मूळ वह्या असतील ना तुमच्याकडे?"

वह्या नव्हत्या. पुस्तक छापून झाल्यावर नावंगावं असलेल्या वह्या नष्ट करायच्या, हा संशोधनाचा नियम. संघमित्रांनी तो काटेकोर पाळला होता. एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बसून त्यांनी सगळ्या वह्या फाडल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता.

"मग मी काय करू, मॅडम?" अधिकारी म्हणाला.

अपील फेटाळलं गेलं. पायऱ्या उतरताना संघमित्रा म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे चल राहायला."

"नको," शकुताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्याशी बोलायचं झालं की मला आता विचार करावा लागेल." पावसाळ्याआधी ती कराडजवळ बहिणीकडे गेली. संघमित्रांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बहिणीनेच उचलला.

त्याच वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. पाचवं प्रकरण काढून टाका, असं संघमित्रांनी प्रकाशकाला कळवलं. करारात तसा अधिकार लेखकाला नव्हता. संपादिका गार्गी हिने फोनवर समजावलं, "मॅडम, लोक पुस्तक घेतात तेच त्या प्रकरणासाठी."

नव्या प्रस्तावनेत काय झालं ते लिहू का, असं त्यांनी विचारलं. वकिलांना विचारून सांगते, असं गार्गी म्हणाली. आवृत्ती जुन्याच प्रस्तावनेसह निघाली.