कोऱ्या रकान्यावरची सही

पोलीस स्मृतिदिनाचे संचलन सुरू होण्यास अद्याप पाव तास अवकाश होता, आणि शहिदांच्या कुटुंबीयांसाठी उभारलेल्या शामियान्यात पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांचा उजवा हात एकसारखा कोटाच्या आतल्या खिशाकडे जात होता. खिशात एक घडी केलेला कागद होता. तो जागेवर आहे की नाही, हे ते चाचपून पाहत होते, असे कोणास वाटले असते. खरे पाहता तो कसा तरी नाहीसा झाला असावा, अशी त्यांची आशा होती.

कागद होता त्यांच्या नातीचा, यशश्रीचा. कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसाच्या मुलाला त्या हिंदीभाषी राज्यात ‘बाल आरक्षक’ म्हणून खात्यात घेतात, आणि अठरा वर्षे भरली की तेच मूल रीतसर आरक्षक, म्हणजे शिपाई, होते. अण्णांचा मुलगा, उपनिरीक्षक गुणवंत, याला पाटन नाक्यावर चोरट्या वाळूच्या डंपरने चिरडले, तेव्हा यशश्री नऊ वर्षांची होती. सून हेमलता तेव्हा हात जोडून म्हणाली होती, “एक दिला ना खात्याला? आता पोरगी नको.” अण्णांनी तिच्याशी तीन दिवस वाद घातला आणि चौथ्या दिवशी तो जिंकला. “बसून करायचं काम आहे, हेमलता. फायली इकडून तिकडे न्यायच्या. नाक्याचं तोंडही पाहणार नाही ती. माझा शब्द.”

त्या शब्दाला परवा रविवारी तडा गेला. शिपाई होण्याचा अर्ज आला होता, आणि मुलीला अठरा पुरी व्हायला सव्वीस दिवस उरले असल्यामुळे त्यावर आईची सही लागत होती. हेमलता कणीक मळत होती. “तुम्ही वाचलं ना, अण्णा? मग झालं,” असे म्हणून तिने पदराला हात पुसले व सही केली. प्रशिक्षणानंतर नेमणूक कोठे हवी, हा रकाना तेव्हा कोरा होता.

तासाभराने यशश्री कागद घेऊन गच्चीवर आली. “आजोबा, तुमचं अक्षर मस्त आहे. लिहा ना. पाटन नाका.”

“काहून? तोच नाका काहून?”

“तोच. पापा वहीं खड़े थे ना? मग मीही तिथंच उभी राहीन. आणि आईला आत्ता सांगू नका, प्लीज.”

जीसीएफ या तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस म्हणून काढलेल्या, केसाएवढा फरक असलेला सुटा भागही परत पाठवणाऱ्या त्या माणसाने, सुनेच्या सहीच्या वर, तिच्या नकळत, वळणदार अक्षरांत ते दोन शब्द लिहिले. लिहिताना त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. आता त्याच छातीत धडधड मावत नव्हती.

“अण्णा, घाम काहून येऊन राहिला तुम्हाला? ऊन तर कोवळं आहे,” हेमलता म्हणाली.

“कोट जाड आहे.”

पलीकडे बसलेल्या हवालदाराच्या विधवा कुंदाताई हसल्या. “सोफ्याचा घाम आहे तो! वर्षातून एक दिवस आपल्याला सोफा, बाकी तीनशे चौसष्ट दिवस बाबूच्या खिडकीपुढे उभं.”

“अन् चहाही आजच गरम,” हेमलता म्हणाली. ती हसली, आणि अण्णांचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

बिगूल वाजला. शोकसलामीसाठी बंदुका उलट्या झाल्या, आणि वर्षभरात देशात कामी आलेल्यांची नावे वाचली जाऊ लागली. आरक्षक अमुक, प्रधान आरक्षक तमुक, उपनिरीक्षक अमके. दरवर्षी अण्णा ही यादी ताठ बसून, एखाद्या स्तोत्रासारखी ऐकत. आज प्रत्येक ‘आरक्षक’ या शब्दापाशी त्यांचा श्वास अडकू लागला. पुढचे नाव कोणते येईल? मूर्खपणा आहे, ते स्वतःला समजावीत होते; यादी सरलेल्या वर्षाची आहे, पोरगी समोर पुष्पचक्राच्या रांगेत धडधाकट उभी आहे. परंतु भय तर्काचे ऐकत नाही. ते सरलेल्या वर्षाचे नव्हतेच; ते पुढच्या वर्षाचे होते, त्याच्या पुढच्याचे होते. त्या यादीत एक जागा अशीच कोरी असेल, आणि ती भरणारे अक्षर त्यांचे असेल. गुणवंताला डंपरने मारले होते. हिला कोणी मारले, असे हेमलता म्हणेल?

दोन मिनिटांच्या शांततेसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा त्यांना उठता येईना.

पुष्पचक्रे वाहून झाली, तसे राखीव निरीक्षक श्यामसुंदर तिवारी शामियान्यात आले. मागोमाग गणवेशातली यशश्री. “प्रणाम बाबूजी, प्रणाम भाभीजी. बिटिया का फॉर्म लाए हैं? दीजिए, एसपी साहब के सामने आज ही रख देता हूँ. शुभ दिन है.”

हात पुढे आला. यशश्री आजोबांकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, ताकीद होती. कागद दिला की सुटका होती. हेमलताला कळायला महिने लागले असते. आणि तोवर काय, ते पुढचे पुढे. अण्णांनी कागद काढला. मग त्यांनी तो तिवारींच्या हातात न देता सुनेपुढे धरला.

“वाच, हेमलता.”

“वाचायचं काय? सही तर—”

“सहीनंतर मी लिहिलं आहे. वाच.”

ती वाचू लागली. तिचे वाचून कधी संपणार, हे अण्णांना कळेना. कुंदाताईंनी मान दुसरीकडे वळवली.

“तुमचं अक्षर आहे, अण्णा.”

“होय.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“होय.” या वेळी त्यांनी वाद घातला नाही. “मला भीती वाटून राहिली, हेमलता. आधी वाटायला हवी होती.”

“आई, मीच सांगितलं त्यांना—” यशश्री मध्येच बोलू लागली.

“तू गप.” हेमलताने तिवारींच्या खिशातले पेन मागून घेतले. ती रकाना खोडणार, अशी सगळ्यांची कल्पना होती. रकान्याला तिने हात लावला नाही. तिने स्वतःच्या सहीवर एक रेघ ओढली, नीट, सरळ.

“भाभीजी, ये क्या कर दिया!”

“भैया, चोवीस दिवसांनी ही अठराची होईल. तब खुद साइन करेगी. माझ्या सहीवर पोरगी नाक्यावर जाणार नाही.”

यशश्री एक पाऊल पुढे आली. “तेव्हाही मी हेच लिहीन, आई.”

“लिही. माझ्यासमोर बसून लिही, अन् मला मोठ्यानं वाचून दाखव.”

तिने तो रद्द झालेला कागद पेनासह तिवारींना दिला, पर्स काखेला अडकवली आणि अण्णांना उठण्यासाठी हात पुढे केला. तो हात बर्फासारखा गार होता. अण्णांनी तो धरला, आणि दोघे शामियान्याबाहेर चालू लागले. चोवीस दिवस दोघांनीही मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती.