डोळ्यांविना गेलेल्या मूर्ती

कान्हूमामाच्या पेणच्या कारखान्यातून पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या शाडूच्या मूर्ती मॉरिशसच्या बंदरात अडकल्या, कारण त्या कागदापेक्षा कमी निघाल्या. संख्येने नव्हे, डोळ्यांनी.

माल भारतात बनल्याच्या प्रमाणपत्रात ‘पूर्ण रंगवलेल्या मूर्ती’ असे वर्णन होते. पेटी उघडली तर एकाही मूर्तीला डोळे नव्हते. मामाच्या घराण्यात डोळ्यांची आखणी मूर्ती जिथे पुजायची तिथेच करतात; त्याच्या लेखी मूर्ती पूर्णच होती. त्याची कागदपत्रे सांभाळणाऱ्या भाचीने, मनालीने, रोह्यात बसून त्याचे म्हणणे जसेच्या तसे भरले होते. रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीने नमुना न पाहता निष्कर्ष लिहिला होता.

चतुर्थी तोंडावर आली होती. ती उलटली की मूर्तींची माती होणार होती आणि मामाला परदेशातून पुन्हा कोणी विचारणार नव्हते.

मनाली पेणला धावली. मूर्ती मागवणारा मॉरिशसचा व्यापारी हितेश फोनवर म्हणाला, “मनालीबेन, इथे पेंटर आहे. गोदामातच डोळे काढून टाकू. कागद आपोआप खरा होईल.”

“कागद मालाप्रमाणे बदलायचा. माल कागदाप्रमाणे नाही.”

“गोदामात देवाचं डोळं उघडतात काय?” मामा मागून म्हणाला. “शेजारी मिरचीच्या गोणी असतील.”

“मामा, माझा मुद्दा तो नाही.”

“नसंना का. वाट येगळी, पन गाव तर एकच हाय ना आपलं?”

दाखला देणाऱ्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने बदली प्रमाणपत्राची तयारी दाखवली. मात्र उत्पादकाच्या नव्या निवेदनात ‘अपूर्ण मूर्ती’ असे लिहून आणायला सांगितले. कारखान्यात परतून मनालीने तो मजकूर पुढे ठेवताच मामाने पेन खाली ठेवले.

“अपूर्ण मूर्ती माझ्या दारातून जात नाय. मी सही करनार नाय.”

“डोळे नाहीत, हे तर खरं ना?”

“व्हय. पण डोळं मिटलेल्या पोराला अर्धं पोर म्हनशील काय गो?”

उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे मनालीला पक्के ठाऊक होते. पण ‘अपूर्ण’ हेही मोजमाप नव्हते, मतच होते. तिने दोन्ही मते वगळली आणि जे दिसते तेवढेच लिहिले: माती मळणे, साच्यातून काढणे, जोडकाम, रंग, सर्व पेण येथे, डोळ्यांची आखणी केलेली नाही. मामाने ते दोनदा वाचून घेतले आणि सही केली.

“अहो मॅडम, पूर्ण की अपूर्ण, काहीतरी एक लिहा ना,” नवे निवेदन पाहून अधिकारी वैतागला.

“साहेब, नियम देश विचारतो. पूर्णत्व विचारत नाही. विचारत असेल तर कलम दाखवा.”

“वकील आहात का?”

“केमिस्ट आहे. बसते मी.”

ती बसून राहिली. अधिकाऱ्याने नियम उघडला, वाचला, पुन्हा वाचला. जुने प्रमाणपत्र रद्द करून, त्याचाच संदर्भ देऊन त्याने नवे दिले.

माल सुटल्याचे हितेशने कळवले, तेव्हा मामा साचे धूत होता.

“अपूर्ण लिवलंस नाय ना?”

“नाही.”

“आनि पूर्ण?”

“तेही नाही.”

मामाने धुतलेला साचा उपडा ठेवला. “चालंल,” म्हणाला, हात पुसले आणि हितेशला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पूजेच्या जागी डोळे आखणाऱ्या तिथल्या माणसांना ब्रश कसा धरायचा, ते दाखवायचे होते.