पाच गाठींचं अंतर्ज्ञान

सकाळी आठलाच गोदामात दोनशे माणसं जमली होती. बाबा डोळे मिटून रोग्याचं मनगट धरी आणि एकही प्रश्न न विचारता दुखणं सांगे. बाबासमोर रोग्यानं तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम. डॉक्टर छप्पन्न प्रश्न विचारतात, ते कसले जाणकार, असं गर्दीचं म्हणणं.

रांगेत एक शिंपी धाकट्या भावाला सावरत उभा होता. लेथवर काम करणारा वीस वर्षांचा गडी, पण सरळ उभं राहवत नव्हतं. घरी तो पोट दुखतंय एवढंच म्हणाला होता. बाबाच्या सेवेकऱ्यानं मात्र त्याला बाजूला घेतलं, मलाही अवघड जागी असंच व्हायचं म्हणून पाठ थोपटली, बराच वेळ कुजबुजला आणि मनगटावर दोरा बांधला.

बाबानं दोरा चाचपला. "कमरेखाली. डावीकडे. पुरुषाचं दुखणं. तीन दिवस अंगारा लाव, डॉक्टरचं तोंड बघू नकोस."

धाकट्याची मान खाली गेली. म्हणजे खरंच होतं. गर्दीनं हात जोडले.

शिंप्याची नजर दोऱ्यावरच होती. धाकट्याच्या दोऱ्याला पाच गाठी, पुढच्या म्हाताऱ्याच्या दोन, मागच्या मावशींच्या सात. कामाशिवाय गाठ कुणी मारत नाही, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. त्यानं मावशींचा दोरा मागून घेतला, स्वतःच्या मनगटात चढवला आणि मुकाट्यानं हात पुढे केला.

बाबाची बोटं गाठींवरून फिरली. "अंगावरून फार जातंय. पाळीचा दोष."

"मिशा बघून सांगा, बाबा."

आधी मावशी हसल्या, मग रांग. सेवेकरी कुजबुजून दुखणं काढून घेतो आणि गाठींच्या आकड्यानं बाबाला कळवतो, हा हिशेब शिंप्यानं सगळ्यांना ऐकवला. बाबानं वाटोळं होईल म्हणून बजावलं, तेवढ्यात धाकट्याला उलटी झाली. शिंप्यानं त्याला रिक्षात घातलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला पडद्याबाहेर काढलं आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून? एकदम की हळूहळू? मार लागला? लघवीला जळजळ? ताप? पूर्वी कधी? धाकटा अडखळत बोलला. पहाटे पाचला झोपेतच कळ उठली, दोनदा उलटी झाली, गेल्या महिन्यात एकदा आपोआप थांबलं होतं.

तपासून त्या बाहेर आल्या. "अंडकोषाला पीळ पडलाय, रक्तपुरवठा तुटलाय. सहा तासांत सोडवला तर बहुतेक वाचतो. आता दहा वाजलेत. होतात कुठे?"

शिंप्यानं सांगितलं.

"आणि घरी तुम्ही काय विचारलंत त्याला?"

शिंप्यानं मनगटावर राहिलेला दोरा तोडून टाकला.

शस्त्रक्रिया वेळेत झाली, अंडकोष वाचला. दुखणं विचारावं लागतं आणि लाज बाजूला ठेवून सांगावं लागतं. जो काहीच विचारत नाही, त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं.