आतली कडी

मी एक जुना दरवाजा आहे. थोरामोठ्यांच्या घरचा नव्हे, मित्रांनो. घरातून पळालेल्या मुलींच्या वसतिगृहात चादरी ठेवायची एक खोली आहे, तिचा. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकून काढलं आणि सवयीने आतूनही कडी बसवली. चादरींना आतून कडी कशाला, हे कुणी विचारलंच नाही. ती चूक मुलींच्या पथ्यावर पडली. रडायला, चिडायला त्या माझ्या आड येत.

वसतिगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंची मुलींना माझ्याआडून बाहेर काढायची ठरलेली तऱ्हा होती. आधी मुठी, मग लाथा, मग माळीदादांची पहार. पाहुणे माझ्या अंगावरचे खड्डे बघून हळहळत, "काय आडदांड मुली आहेत हो!" मला तोंड असतं तर सांगितलं असतं, यातला एकही खड्डा मुलींचा नाही.

एक चौदा वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या दंडावर चिमट्याचे डाग होते. ते कसे पडले हे विचारलं की ती चावायची, ताट भिरकावायची आणि माझी कडी लावून बसायची. मुलींनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे ती स्वतः बोलली तरच तिला इथे राहता येणार होतं. नाहीतर पुन्हा काकाच्या घरी.

मग एक नवी ताई कामाला आली. ती धुतलेल्या चादरी घेऊन माझ्याबाहेर जमिनीवर बसे, दोन बोटांनी एकदाच हळू वाजवी आणि म्हणे, "मी आहे गं. घाई नाही."

"जा मर!" आतून उत्तर येई.

"मरते. एवढ्या घड्या घालून होऊ देत."

मोठ्या बाई जाता-येता टोमणे मारत, "बसवा आणखी डोक्यावर!" ताई घड्या घालत राही. असे कितीतरी दिवस गेले. एकदा आतून हसू फुटलं. पुढे कडी निघू लागली. आणि एका दुपारी भिंगरी माझ्या फटीतून हळूच म्हणाली, "दूध उतू गेलं की काका चिमटा तापवायचा."

ताईने हातातली चादर खाली ठेवली. "समितीपुढे सांगशील?"

"तू शेजारी बसशील?"

"बसेन."

दुसऱ्या दिवशी ताई समितीची तारीख ठरवायला गेली आणि इकडे काका आला. मुलगी समितीपुढे अजून काही बोललेली नाही, तेव्हा घेऊन जा, एक कटकट कमी, असं मोठ्या बाईंचं मत पडलं. काकाचा आवाज ऐकताच भिंगरीने धावत येऊन कडी लावली. माळीदादा पहार घेऊन आले.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या बांगड्या काढून पदरात बांधल्या. दोन बोटांनी एकदाच हळू वाजवलं आणि कुजबुजल्या, "मी आहे गं. घाई नाही."

मित्रांनो, मी त्या क्षणी फुगून अडकायला हवा होतो. एरवी अडकतो की! पण कडी निघाली आणि मी मुकाट्याने उघडलो. भिंगरी हसत बाहेर आली.

काकाने तिचं मनगट धरलं. "चल, काकू दूध तापवून वाट बघतेय." ती ओरडली नाही, चावली नाही. नुसती मोठ्या बाईंच्या बोटांकडे बघत गेली.

संध्याकाळी ताई तारीख घेऊन परतली. मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमची युक्ती लागू पडली हो, ताई. एक लाथसुद्धा मारावी लागली नाही." ताई तशीच काकाच्या घरी धावली. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सामानसुमान घेऊन गेले कुठेतरी.

आता ताईने माझ्यावर हळू वाजवलं की आतली मुलगी पेटी ओढून मला टेकवते. ताई घड्या घालत बसते.

मित्रांनो, मला खुशाल लाथा मारा, माझं अंग निबर झालंय. पण एखादं चिडलेलं पोर तुमच्या आवाजावर विसंबून कडी काढत असेल, तर तुमच्या मागे कोण उभं आहे ते आधी बघा.