मंजूर नमुना, बसू नये

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आजवर माझ्यावर दोनच माणसं बसली, आणि त्यातलं एक ओरडत उठलं. तुम्ही म्हणाल, मग तू खुर्ची कसली? मलाही हाच प्रश्न पडतो. विचार करायला इथे वेळ भरपूर असतो.

माझा जन्म गोरेगावला, प्रितमशेठच्या कारखान्यात झाला. मुलुंडच्या एका संस्थेला आपल्या अभ्यासिकांसाठी खुर्च्या हव्या होत्या. करार करण्याआधी एक नमुना दाखवावा लागतो. तो नमुना मी. संस्थेचे खरेदी अधिकारी शिवदाससाहेब माझ्याभोवती फिरले. त्यांनी मला टेपने मोजलं, ठोकलं, उलटं करून खालूनही बघितलं. मला फार लाजल्यासारखं झालं. मग साहेब खूश झाले आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून त्यांनी सही केली: 'मंजूर नमुना. बसू नये.'

नियमच तसा आहे. बाकीच्या खुर्च्या माझ्याशी ताडून बघायच्या, म्हणून करार संपेपर्यंत मी कोरी राहायची. माझ्या बहिणी टेम्पोत चढून दिंडोशीच्या अभ्यासिकेत गेल्या. मी संस्थेच्या स्टोअररूममध्ये, एका बंद पडलेल्या टेबलफॅनशेजारी. तोही कधी माझ्याकडे मान वळवत नसे.

झाडलोट करणाऱ्या मालनमावशी तिथे डबा खायला यायच्या. उभ्याने खायच्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, बसा की खुर्चीवर."

"नको गं बाय, सायबाची सही हाय तिच्यावर. सायबाच्या मांडीवर बसल्यागत व्हईल."

माल पोचला आणि सगळे तो करार विसरून गेले. तो संपला असं कुणी लिहिलंच नाही, म्हणून माझी चिठ्ठीही कुणी काढली नाही. वर्षं गेली. धूळ तेवढी नियमित बसायची.

मग करार विभागात नमिता आली. अंधेरीला प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रशिक्षण घेऊन आलेली. माल कुठे गेला, कोण वापरतं, सगळं विचारत सुटायची.

"अगं, आपण खरेदीवाली माणसं," शिवदाससाहेब हसले. "सही केली, ऑर्डर गेली, विषय संपला. प्रोजेक्ट-बिजेक्ट इंजिनियर लोक करतात."

"सर, विषय संपला तर दिंडोशीची पोरं उभ्याने का अभ्यास करतायत?"

ती स्वतः बघून आली होती. खुर्च्या रिकाम्या आणि पोरं खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं ठेवून उभी. आणि सोमवारी चेंबूरच्या अभ्यासिकेसाठी याच खुर्च्यांच्या नव्या करारावर तिची सही व्हायची होती. ती झाली असती, तर तिकडचीही पोरं उभी राहिली असती, आणि मी कोपऱ्यातच.

नमिताने प्रितमशेठना बोलावलं. दिंडोशीची एक खुर्ची आणून माझ्याशेजारी ठेवली. किती वर्षांनी बहीण दिसली! पण दोघींची मापं घेणं चालू होतं, बोलता आलं नाही.

"मॅडम, केसाएवढा फरक काढून दाखवा," शेठ म्हणाले. "निघाला तर सगळा माल परत नेतो."

फरक निघाला नाही.

"सर," नमिताने विचारलं, "मंजूर करताना हिच्यावर कोण बसलं होतं?"

"नमुन्यावर बसायचं नसतं गं."

"मंजूर व्हायच्या आधी?"

"आधी तर ती मंजूरच नव्हती ना," साहेब छताकडे बघत म्हणाले. "मंजुरी नसलेल्या खुर्चीवर कसं बसणार?"

नमिताने नखाने चिठ्ठी खरवडली आणि बसली.

मित्रांनो, ते ओझं काय सांगू! मी चारही पायांवर ताठ झाले. पण जरा वेळाने ती "आई गं!" करून उठली. माझ्या बैठकीची पुढची कड मांडीत रुतत होती. म्हणजे त्या पोरांना मीच उभं केलं होतं. बहिणी हुबेहूब माझ्यासारख्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

शेठनी माझी कड गोल करून दिली, बहिणींचीही करायचं कबूल केलं. तरी नमिता अडून बसली, "आठवडाभर कुणीतरी वापरल्याशिवाय माझी सही नाही."

म्हणून मी दिंडोशीला गेले. तिथे माझ्यावर रोशनी बसली. कोर्टातल्या कारकुनाच्या परीक्षेला बसणारी मुलगी. पुटपुटत पाठ करायची, कंटाळली की मला रेलून झोपायची. एकदा मैत्रिणीवर खेकसली, "ए, तिथे बॅग नको ठेवू हां, ती माझी खुर्ची आहे."

माझी, म्हणाली.

आठवडा संपला. सही झाली, पाठीवर नवी चिठ्ठी लागली आणि मी परत स्टोअररूममध्ये आले. चेंबूरच्या खुर्च्या पोचल्या, पोरं बसतात म्हणे. आता फक्त 'हा करार संपला' एवढं लिहायचं राहिलंय. पण नमिताची बदली झाली, आणि तिच्या जागी आलेल्या श्रेयसकडे नव्या ऑर्डरी फार आहेत.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, करार कराल. सही करण्याआधी एकदा बसून बघा. आणि काम झालं की झालं म्हणून सांगायला कुणीतरी या. या खोलीचं दार बाहेरूनच उघडतं.