चौथ्या जॉइंटची पिन

वरसे गावातल्या काशीबाईचा नेम असा, की सकाळी आंघोळ झाली की तीन माळा पुऱ्या होईपर्यंत तोंडातून नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. नवरा गेला त्या वर्षी तिनं हा नेम धरला आणि पुढची बावीस वर्षं तो कधी मोडला नाही. थोरल्या मुलाचा, हरेशचा, हात जॅकखाली सापडला, त्या सकाळीसुद्धा ती माळ संपवूनच उठली होती. आळीतल्या बायका त्याचं कौतुक करायच्या. आता कोणी तो विषय काढला, की काशीबाई काहीतरी निमित्त करून आत जाते.

तिला दोन मुलगे. हरेशचं घराच्या बाजूलाच गॅरेज होतं. धाकट्या प्रणितकडे जीप होती. रिसॉर्टवर येणाऱ्या पाहुण्यांना तो डोंगरातल्या दगडाधोंड्याच्या वाटांनी फिरवून आणायचा. जीप खाली घासू नये म्हणून हरेशनं ती चार इंच उचलून दिली होती, मोठे टायर घातले होते. गाडी उंच झाली, तसे चाकं वळवणारे खालचे दांडे तिरके झाले आणि त्यांच्या टोकांचे जॉइंट ओढले जाऊन ढिले पडायला लागले. जरा वेग घेतला की स्टेअरिंग हातात थरथरायचं. प्रणित त्यावरही विनोद करायचा. म्हणायचा, पाहुण्यांना वाटतं मी घाबरलोय, मी सांगतो गाडी घाबरलीय.

हरेशला मात्र ते हसण्यावारी नेववेना. त्यानं पुण्याहून चार जाड, दणकट जॉइंट मागवले. गेल्या वर्षी खंडेनवमीला सकाळपासून तो जीपखाली आडवा होता. जॉइंट बसवायचा, नट आवळायचा आणि नटाच्या खाचेतून आरपार पिन घालून तिची टोकं दुमडायची. ती पिन असली की नट कितीही हादरला तरी सुटत नाही. दुपार कलली तेव्हा तीन जॉइंट पुरे झाले होते. चौथा नुसता हातानं आवळून ठेवला होता.

काशीबाईनं तोवर परात मांडली होती. नवरात्राचा उपास, त्यात पूजेची वेळ टळत चाललेली. घरातली सगळी हत्यारं त्या दिवशी पूजेला लागतात आणि एकदा पूजेला लागली की दसऱ्याची पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. हरेश जीपखालूनच म्हणाला, अर्धा तास दे. काशीबाई आवाज चढवणारी बाई नव्हे. ती शांतपणे म्हणाली, देवीला थांबवू नये बाबा. हरेश उठला. हात पुसून पाने, हातोडे, पकड सगळं त्यानं परातीत आणून ठेवलं, आणि वाटीत ती उरलेली पिनही. काशीबाईनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पिनेलाही वाहिलं.

दसऱ्याला पहाटे, प्रणित झोपेतच असताना, हरेश फुलं आणायला जवळच्या अष्टमी गावच्या बाजारात निघाला. जाताना देवघराच्या दारात थांबून म्हणाला, "आये, प्रणितला सांग गाडी काढू नको म्हणून. आल्यावर पूजा उचलतो नि पिन घालतो." काशीबाईच्या हातात माळ होती. तिनं मान हलवली.

प्रणितच्या बायकोनं, मृणालीनं, आदल्या रात्रीच हार गुंफून ठेवला होता. तिनं तो जीपला घातला. हार घातलेली गाडी म्हणजे तयार गाडी, असंच कोणालाही वाटेल. प्रणितला पेणच्या पाहुण्यांचा फोन आला, लवकर या म्हणून. तो दारात बसून चप्पल घालू लागला. काशीबाईला देवघरातून तो समोर दिसत होता. अकरा मणी राहिले होते. चुलीवर चहा होता, चहा घेतल्याशिवाय हा काही जायचा नाही, तोवर माळ होईल, असं तिला वाटलं. तिनं मणी भराभर ओढले. शेवटचा मणी झाला तेव्हा जीप कोपऱ्यावरून वळली होती. ती अनवाणी रस्त्यापर्यंत धावली. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

भिसे खिंडीच्या उतारावर चौथा जॉइंट सुटला. चाक एकीकडे वळलं नि गाडी दरीत गेली.

पंचनाम्याला आलेल्यांना हरेशनं एवढंच सांगितलं, की पिन घालायची मी विसरलो. आईचं नाव त्यानं काढलं नाही. काशीबाईनंही तोंड उघडलं नाही. प्रणितच्या तेराव्याला मृणाली सगळ्यांसमोर म्हणाली, की या घरात एक तर भावजी राहतील नाहीतर मी. तिच्या मांडीवर तीन वर्षांची लेक किमया झोपली होती. हरेशनं गॅरेजला कुलूप लावलं आणि डोलवीला कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला लागला. तिथंच खोली घेतली. काशीबाईची माळ चालूच राहिली. बंद केली असती तर कोणीतरी का म्हणून विचारलं असतं.

यंदा गणपती झाल्यावर प्रणितचा पेणचा दोस्त हर्षद घरी आला. त्यानंही आपली जीप उचलून घेतली होती नि तीही तशीच थरथरत होती. तसले जॉइंट बसवणारा हात या बाजूला हरेशशिवाय दुसरा नाही, त्याचा नवा नंबर द्या, असं तो काशीबाईला हळूच म्हणाला. आतून मृणालीनं ऐकलंच.

"दे की जीप," ती म्हणाली. "आधी विमा काढ, मग दे."

हर्षद खाली मान घालून निघून गेला. काशीबाईला मात्र तो टोमणा वर्षभर झाकून ठेवलेल्या जागी लागला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं वडखळला उतरली नि रिक्षानं डोलवीला गेली. हरेश शिफ्ट संपवून बाहेर आला. दाढी वाढलेली, चाळिशीच्या आतच पाठीला पोक. ती म्हणाली, मी मृणालीला खरं सांगणार. हरेशनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"नको सांगू गो आये. तिला राग धरायला कोणतरी पायजे. माझ्यावर हाय तो बरा, मी लांब हाय. तुझ्यावर गेला तर ती पोरीला घेऊन जाईल. मग प्रणितचं तुझ्याकडं काय उरलं?"

काशीबाईनं परतीच्या वाटेवर त्याचाच विचार केला. किमया रात्री तिच्याच कुशीत झोपायची. झोपेत हनुवटी वर करायची, अगदी प्रणितसारखी. ते जायचं म्हणजे काय जायचं, ते तिला कळत होतं. आणि डोलवीच्या त्या खोलीत एक पोरगा दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन म्हातारा होत होता, तेही कळत होतं.

घरी आली तेव्हा मृणाली भिजवलेले वाल सोलत बसली होती. काशीबाई तिच्यासमोर बसली नि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. हरेशला जीपखालून उठवलं ते, आणि त्यानं दिलेला निरोप माळेपायी पोचवला नाही ते.

मृणालीचे हात थांबले नाहीत. सोलता सोलताच तिनं विचारलं, "प्रणित निघाला तेव्हा तुम्हाला दिसत होता?"

"व्हय. चप्पल घालत होता."

"किती मणी राहिले होते?"

"अकरा. मला वाटलं, चहा घेईल."

"चहा मी गाळून दिला होता. उशीर होतोय म्हणाला, न घेताच गेला."

वाल सोलून झाले, तिनं आमटीही केली. सकाळी मात्र तिची पिशवी भरलेली होती. किमयाला नवा फ्रॉक घातला होता. माहेरी पेणला जाते म्हणाली. उंबऱ्यात थांबून, काशीबाईकडे न बघता तिनं सांगितलं, "भावजींना फोन केला. म्हटलं माझं चुकलं, घरी या. तुमचंही मला कळतंय, आई. पण कळून मी काय करू? तुम्ही जपाला बसलात की मला तो दारात बसलेला दिसंल."

किमयानं विचारलं, आजी नाय येत का. काशीबाईनं तिच्या हनुवटीला हात लावला, तेवढंच.

शनिवारी संध्याकाळी हरेश आला. घरभर नजर फिरवून तो ओटीवरच बसला. काशीबाईनं सवयीनं मृणाली-किमयाचाही भात टाकला होता. तिनं त्याला वाढलं.

"मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"सांग म्हणालास तवा सांगितलं नाय," काशीबाई म्हणाली. "नको म्हणालास तवा सांगितलं. मला येळच कळत नाय रे."

हरेशनं भात कालवला, पण घास काही उचलला नाही. त्याचे खांदे हलायला लागले. वर्षभरात तो पहिल्यांदाच रडत होता. काशीबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. भात निवून गेला, तरी दोघांतलं कोणी उठलं नाही.