पाण्याखालचा मच्छिंद्र

अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा — कानांवर जाडजूड हेडफोन, तोंड अर्धवट उघडं — मासिकाच्या गुळगुळीत कागदावर कंपनीच्या बसबरोबर थरथरत होता, आणि सर्जेराव तो डोळ्यांजवळ धरून बघत होता : हा काहीतरी ऐकतोय, पण काय... पाणबुडीच्या गेमचा नवा भाग दिवाळीनंतर येणार होता. चित्राखाली लिहिलं होतं, आता पाणबुडीत आतून हिंडता येईल, प्रत्येक खलाशाला चेहरा असेल, ते थकतील, घाबरतील, एकेकटे मरतीलसुद्धा.

"आरं, सकाळधरनं त्योच कागुद!" शेजारचा संपत म्हणाला. शिक्रापूरला दोघं एकाच खोलीत राहायचे. "आल्यावर खेळ की. आत्ताच कशाला डोळं फाडतो?"

"बघतोय रं. आपल्या कॉम्प्युटरवर चालंल का न्हाई..."

चालेल की, न चालायला काय झालं! काळजी ती नव्हतीच. जुन्या गेममध्ये चेहरे नव्हते, नुसती नावं. आणि ती बदलता यायची. समुद्रातले आवाज ऐकणाऱ्या खलाशाचं नाव त्यानं मच्छिंद्र ठेवलं होतं. थोरल्या भावाचं. शिफ्ट संपली की दादा तिथं खोल पाण्यात बसलेला असायचा, जहाज कुठल्या दिशेला आहे, जवळ येतंय की लांब जातंय ते सांगायचा, आणि सर्जेराव त्याला दर वेळी सुखरूप वर आणायचा. तिथं तरी.

गावाकडं वरवंडच्या विहिरीत मोटारीच्या पाइपाच्या तळाशी अडकलेला फुटव्हॉल्व्ह सोडवायला दादानं बुडी मारली होती. खालच्यानं पान्ह्यानं पाइपवर ठोकायचं, वरच्यानं पाइपला कान लावायचा. ठोके येताहेत तोवर माणूस ठीक. वडिलांनी, आबांनी, कान लावला होता. टण्... टण्... सावकाश, अगदी शिस्तीत. "करतोय काम, करू द्या," आबा म्हणाले आणि सगळे निर्धास्त उभे राहिले. कसली शिस्त नि कसलं काय, तो सुटलेला पाइप खाली पाण्यात विहिरीच्या भिंतीवर आपटत होता. दादाला वर काढून खाटेवर निजवला तरी ठोके चालूच होते... आणि आबा कान काढायला तयार नव्हते.

नव्या गेममध्ये दादा दिसेल, या विचारानं आधी केवढं बरं वाटलं होतं! मी दार उघडून आत जाईन, त्याच्यामागं उभा राहीन — आणि त्यानं मान वळवली तर? कुणातरी गोऱ्या परक्याचा चेहरा निघाला तर? त्याला भीती वाटली, सरळ भीती. नकोच तो गेम. चेहरा नसलेला दादाच बरा, निदान आवाज तरी...

उतरताना दादा वर बघून म्हणाला होता, "ठोक्याकडं ध्यान द्या रं." शब्द पक्के आठवत होते. सर्जेरावनं डोळे मिटून ते ऐकले. आवाज गेममधला होता — कोरडा, खरखरीत, परदेशी. त्यानं पुन्हा ऐकलं. पुन्हा तोच. मग त्यानं घाईघाईनं दादाचं हसणं आठवायला घेतलं. वाडीवस्तीवर ऐकू जायचं असं मोठं हसणं, माणसं त्यावरून चिडवायची त्याला. बस गचके खात रांजणगावाकडं चालली होती. त्यानं खूप वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. गेममधला तो माणूस कधी हसतच नाही.